कोयनाकाठची दुनळी: नळीतले बारीक खड्डे, गंज आणि दोन पावसाळे

हे प्रकरण एका दुनळी बंदुकीचं आहे. बारा बोर, बर्मिंगहॅमची बनावट, बॉक्सलॉक (बार उडवणारं यंत्र आत झाकलेलं), २८ इंची नळ्या. पाटण तालुक्यात हेळवाकच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आजोबांनी ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस घेतली. त्यांच्याकडून ती वडिलांकडे आणि मग या शेतकऱ्याकडे आली. परवाना पीक संरक्षणाचा. त्यांना इथं आबा म्हणतो. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. आता साताऱ्यात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे दुरुस्तीचं काम बघतो. २०२५ च्या जानेवारीत बंदूक माझ्या टेबलावर आली, आणि आबा आल्याआल्याच म्हणाले, "नळ्या आतनं खाल्ल्यात. घासून आरशागत करून द्या, न्हाईतर मोडीत काढतो."

गंज दिसला की माणसं या दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर इतकं घासतात की चांगला पत्राच कमी होतो, नाही तर घरातली पिढीजात वस्तू नकोशी होऊन बसते. आबांच्या बंदुकीला यातलं काहीच करायची गरज नव्हती. ते कशावरून ठरवलं आणि नंतर काय केलं, ते सविस्तर लिहितो. आपल्या पश्चिम भागात अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यांची दुखणी थोड्याफार फरकानं सारखीच असतात.

वर्षभरात बंदूक कुठं कुठं होती

नळीत डोकावण्याआधी मी मागच्या वर्षाची हकीकत विचारली. गंजाला कारण लागतं, आणि ते सहसा नळीत नसतं, घरात असतं.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळी भुईमुगात रानडुकरं शिरत होती. आबांनी हुसकावण्यासाठी रात्री हवेत काही बार काढले. (परवाना पीक संरक्षणाचा असला तरी जनावर मारायचं तर वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आबा ते पक्कं जाणून आहेत.) काडतुसं खडकीच्या कारखान्याची शक्तिमान, आणि त्यात वडिलांच्या वेळची कागदी नळकांड्यांची थोडी. बार काढल्यावर नळ्यांतून सफाईचा गज फिरला नाही. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं गेलं. साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी झालं, मतमोजणी ४ जूनला. आचारसंहिता उठल्यावर आबा बंदूक घेऊन मोटरसायकलवरून घरी निघाले तेव्हा मिरगाचा पाऊस लागला होता. बंदूक कॅनव्हासच्या खोळीत, खोळ चिंब. घरी आल्यावर खोळीसकट ती लोखंडी कपाटात उभी राहिली. पुढं तरवा, चिखलणी, लावणी. भाताच्या खाचरात कंबर मोडत असताना कपाटातली बंदूक आठवायला कुणाला सवड असते?

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, ती बाहेर निघाली. शस्त्रपूजा झाली. पाण्याचा हात फिरला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, शेजारी नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं. तीनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निरोप येताच बंदूक होती तशी त्याच खोळीत घालून पुन्हा जमा झाली. नोव्हेंबरच्या शेवटी ती परत आली. डिसेंबरात आबांच्या मुलानं मोबाईलचा टॉर्च लावून नळीतून पाहिलं आणि घरात काळजी सुरू झाली.

या हकीकतीत गंजाची चार वेगवेगळी कारणं आहेत. आधी दारूची काजळी आणि शिसं, मग ओली खोळ, मग बंद कपाटातले चार महिने, आणि शेवटी पूजेचं पाणी. यातलं एकेकटं कारण असतं तर इतकं झालं नसतं.

काजळी स्वतः फारसं लोखंड खात नाही, पण ती ओल धरून ठेवते. बारा बोरमध्ये तिच्यासोबत छऱ्यांचं शिसं आणि काडतुसातल्या प्लॅस्टिक वॅडचा (छऱ्यांमागच्या बुचाचा) पातळ लेप नळीला चिकटतो. या लेपाखाली ओल शिरली की वरून नळी चकचकीत दिसते आणि गंज आत चालू राहतो. जुन्या कागदी काडतुसांची गोष्ट आणखी वेगळी. काडतुसाची दारू पेटवणाऱ्या पूर्वीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाच्याच जातीचं लवण. ते हवेतली ओल ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या काळात सैन्यात बार झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. आजच्या काडतुसांच्या टोप्यांत हे लवण नसतं, पण आबांनी कोणत्या दिवशी कोणतं काडतूस वापरलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. तेव्हा लवण आहे असंच धरून चालायचं ठरवलं. उरलेली कागदी काडतुसं वापरायची नाहीत, ती रीतसर जमा करायची, हेही तेव्हाच सांगितलं.

नारळाच्या पाण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यातही पोटॅशियम आणि क्लोराईड असतं. नुसत्या पाण्यापेक्षा ते लोखंडाला जास्त लागतं. पूजा जरूर करावी. पूजेनंतर आधी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं, मग कोरड्यानं आणि शेवटी तेलाच्या फडक्यानं बंदूक पुसावी, आणि मगच ती आत जावी.

आत काय दिसलं

बंदूक हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे ती बिजागरीतून उघडून रिकामी असल्याची खात्री करणं. दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, डोळ्यांनी पाहिले, आत बोट घालून पाहिलं. मग पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या केल्या आणि उजेडाकडे धरल्या. चार महिने उभ्या असलेल्या नळीत कधीकधी कुंभारमाशी मातीचं घर करते. मी एका बंदुकीत ते पाहिलं आहे. तशा नळीतून बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. इथं तसं काही नव्हतं.

दिसलं ते असं. उजव्या नळीत चेंबरच्या पुढं साधारण सहा इंचांपासून तोंडापर्यंत तपकिरी धूळ, मधूनमधून काळे ठिपके. डाव्या नळीत ठिपके कमी, पण तोंडाकडच्या तीन-चार इंचांत दाट. बाहेरून, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या, म्हणजे रिबच्या, कडेला लाल रेघ. ही रेघ गंजाची की कुंकवाची ते नुसत्या नजरेला कळेना. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर तेल घेऊन हलकेच पुसलं. तोंडाकडे फडक्यावर आला तो लालभडक डाग, म्हणजे कुंकू. दोन इंच मागे सरकलो तर विटकरी तपकिरी, म्हणजे गंज. कुंकवानं ओल धरली होती आणि गंज तिथून मागे पसरत गेला होता. डाव्या नळीच्या तोंडाकडचे दाट ठिपके इथूनच आले असावेत, कारण पूजेत बंदूक पाटावर आडवी आणि तिची डावी बाजू वर होती, असं आबांच्या मुलाच्या मोबाईलमधल्या दसऱ्याच्या फोटोत दिसलं.

खड्डा आणि मळ यांत फरक करायला हवा. शिशाची साल आणि प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा उजेडात काळी दिसते आणि मालक उगाच घाबरतो. म्हणून सफाईआधी मी खड्ड्यांबद्दल काहीच मत देत नाही. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा हल्ली सहज मिळतो. तो आत घालून जागोजागचे फोटो काढून ठेवले, म्हणजे नंतर ताडून बघता येतं.

नळीला फुगवटा आहे का ते उजेडाच्या रेषेवरून कळतं. ट्यूबलाईटची सावली नळीच्या आतल्या भिंतीवर सरळ धावली पाहिजे. कुठं गोल कडं दिसलं तर तिथं धातू फुगला आहे असं समजावं. कडं नव्हतं. नंतर नळ्या हुकला टांगून टिचकी मारली. आवाज खणखणीत आणि लांबला. रिबचा डाग, म्हणजे झाळणीचा जोड, कुठं सुटला असता तर आवाज बसका आला असता, आणि मग नळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी गेल्याची भीती राहिली असती. तिथला गंज बाहेरून कधीच दिसत नाही.

सफाई

आर्मररच्या कामाचा बहुतेक वेळ इथंच जातो, आणि घाई केली तर नुकसानही इथंच होतं.

नळीच्या तोंडाला रबरी बूच लावून दोन्ही नळ्या पेनिट्रेटिंग तेलानं भरल्या आणि रात्रभर उभ्या ठेवल्या. गंज सच्छिद्र असतो. तेल त्यात झिरपतं आणि त्याची पकड ढिली करतं. सकाळी तेल काढून फॉस्फर ब्राँझचा ब्रश चेंबरच्या बाजूनं घातला. ब्रश नेहमी चेंबरकडून तोंडाकडे जावा. उलट दिशेनं गेला तर सगळा मळ बंदुकीच्या यंत्रात पडतो. ब्रश पूर्ण बाहेर निघाल्याशिवाय मागे ओढायचा नाही.

मग चिंदी. पहिली चिंदी काळी कुळकुळीत आली, ती दारूची काजळी. पुढच्या चिंद्यांवर राखाडी चकाकणारी साल, हे शिसं. त्यानंतर ब्रशच्या केसांत अडकून प्लॅस्टिकच्या पारदर्शक, वळलेल्या पट्ट्या आल्या, एखादी बोटभर लांब. आबा शेजारी बसून बघत होते. पट्टी बोटात धरून म्हणाले, "ही आत व्हती?" होती, आणि तिच्याखाली गंज होता, कारण यापुढच्या चिंद्या तपकिरी यायला लागल्या.

तपकिरी रंग निघेपर्यंत ब्रशवर अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल गुंडाळून, तेलात भिजवून फिरवली. ब्राँझ वूल मिळाली तर ती आणखी बरी. एमरी पेपर, पॉलिश पेपर, ड्रिलला चिंधी बांधून गरगर फिरवणं, यातलं काहीही नळीत जाऊ नये. कागदाचा खर गंज आणि पोलाद यांत भेद करत नाही. त्यानं खड्डा जातो तो फक्त त्याच्याभोवतीचा चांगला धातू उतरवून.

यानंतर उकळतं पाणी. नरसाळं लावून चेंबरकडून दोन्ही नळ्यांत केटलीभर ओतलं, लवण असेल तर ते वाहून जावं म्हणून. नळी हाताला लागवेना इतकी तापली, त्यामुळं पाणी मिनिटाभरात आपोआप उडून गेलं. लागलीच चिंदी आणि तेल. या पाण्याचा आणखी एक उपयोग असतो. खड्ड्यांच्या तळाशी जो थोडा लाल गंज उरतो, तो उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो. काळा ऑक्साईड घट्ट बसतो आणि लाल गंजासारखा पसरत नाही. रिबचा जोड मऊ डागाचा असतो. तो वितळायला साधारण १८० अंश तापमान लागतं, म्हणून उकळत्या पाण्याचं त्याला काही होत नाही. मात्र बाहेरचा रंग उडाला म्हणून कुणी अशा नळ्या गरम कॉस्टिकच्या टाकीत काळ्या करायला देऊ नये. कॉस्टिक त्या डागालाच खातं, आणि दुनळीच्या दोन नळ्या त्याच डागानं एकमेकींना धरलेल्या असतात. आबांच्या एका ओळखीच्या माणसानं नेमका हाच सल्ला दिला होता.

काडतूस उचलणारा एक्स्ट्रॅक्टर काढून त्याच्या पायांमागची जागाही साफ केली. या कोपऱ्यात गज पोचत नाही आणि तिथं गंजाची पपडी हमखास सापडते. इथंही सापडली.

मापं, आणि न घासण्याचा निर्णय

सगळं निघून गेल्यावर जे उरलं ते खरे खड्डे. उजव्या नळीत विरळ, मोहरीहून बारीक. डाव्या नळीच्या तोंडाकडे गर्दी, पण उथळ. चेंबरमध्ये आणि चेंबरच्या पुढच्या उतारात एकही नाही. ही सगळ्यात चांगली बातमी होती. बार पेटतो तेव्हा सर्वाधिक दाब याच भागात असतो, तोंडाकडे येईपर्यंत तो पुष्कळ उतरलेला असतो.

नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, इंग्लिश प्रूफ हाऊसच्या, म्हणजे नळी दाबाला टिकते का ते तपासणाऱ्या संस्थेच्या, खुणा असतात. १९५४ च्या नियमांखाली तपासलेल्या बंदुकीवर नळीचं माप, चेंबरची लांबी आणि दाबाचा आकडा ठोकलेला असतो. इथं होतं .७२९, अडीच इंच आणि ३ टन. म्हणजे तपासणीच्या वेळी नळीच्या बुडापासून ९ इंचांवर आतला व्यास निदान .७२९ इंच होता. त्याच जागी मी बोअर गेजनं मोजला. उजवी .७३१, डावी .७३०. एवढ्या वर्षांत फार तर एक-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढ, म्हणजे काहीच नाही. नळीच्या भिंतीची जाडी मोजली तर सगळ्यात पातळ जागा डाव्या नळीत, मधल्या भागाच्या पुढं, ३१ थाऊ निघाली. बंदूकवाले पुढच्या भागात २० थाऊपेक्षा कमी जाडी आली की सावध होतात. इथं भरपूर होती.

आता आबांच्या "आरशागत"चा हिशोब. डाव्या नळीतले सगळ्यात खोल खड्डे अंदाजे तीन थाऊचे. ते पुरते घालवायचे तर सगळ्या नळीची भिंत आतून तीन थाऊ उतरवावी लागेल, म्हणजे व्यास सहा थाऊ वाढेल, .७३० चा .७३६ होईल. उजवीचं तेच केलं तर .७३७. जुन्या इंग्लिश नियमात ठोकलेल्या मापापेक्षा १० थाऊ वाढ झाली, म्हणजे .७३९ ला नळी पोचली, की ती प्रूफबाहेर गेली असं धरतात. म्हणजे नळीच्या हयातीत जेवढं घासणं शक्य आहे, त्यातलं बहुतेक आजच, केवळ दिसण्यासाठी, खर्च झालं असतं. उद्या खरोखर खोल खड्डा पडला तर करण्याजोगं काही उरलं नसतं.

आणि मिळवलं काय असतं? तोंडाकडच्या अशा उथळ खड्ड्यांनी छऱ्यांच्या पसरण्यात जाणवेल इतका फरक पडत नाही. तोटा एकच, त्या खड्ड्यांत काजळी आणि शिसं जास्त चिकटतं, म्हणून प्रत्येक वापरानंतर सफाई जरा जास्त करावी लागते. तेवढ्यासाठी पिढीजात नळीतला धातू काढून टाकणं मला अजिबात मान्य नाही. आबांना फोटो दाखवले, गेजचा काटा दाखवला. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मग आहे ते राहू द्या. पुढं वाढणार न्हाई एवढं बघा."

दुसरी बाजूही सांगतो. खड्डे चेंबरमध्ये किंवा त्याच्या लगेच पुढं असते, एखादा नखाला खोल अडकत असता, भिंत कुठं पातळ निघाली असती किंवा उजेडात कडं दिसलं असतं, तर मी बंदूक वापरात ठेवू दिली नसती.

या मोजमापात एक वेगळीच गोष्ट हाती लागली, आणि खड्ड्यांपेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटली. चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी काडतुसाचं. आबांच्या डब्यावर छापलं होतं ७० मिमी. बंद काडतूस आत बसतं, त्यामुळं शंका येत नाही. पण ही लांबी उघडलेल्या नळकांड्याची असते. बार उडाल्यावर त्याचं तोंड चेंबरच्या पुढच्या उतारात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्लिश बंदुका घरात असलेल्यांनी आधी नळीच्या बुडाचा शिक्का वाचावा आणि मग काडतुसाचा डबा. आबांनी ती काडतुसं बंद केली.

जुनं घर, नवं घर

साफ झालेली बंदूक परत त्याच कपाटात गेली असती तर पुढच्या आषाढात तीच गत झाली असती. म्हणून ती आजोबांच्या वेळी कुठं असायची हे विचारलं. उत्तरातच निम्मा उपाय मिळाला. जुन्या घरात ती माजघरात, चुलीच्या भिंतीपलीकडं खुंटीवर टांगलेली असायची. पावसाळाभर चूल पेटती. त्या भिंतीची ऊब कधी जात नसे. आजोबांनी बंदुकीला खास काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तरी तिला गंज चढला नाही. २०१९ नंतर स्लॅबचं घर झालं, गॅस आला, आणि बंदूक मागच्या खोलीत, पाणी मुरणाऱ्या उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात गेली.

कोयनेच्या वरच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्यात माण-खटावला तो पाचशेच्या घरात असतो. दहिवडीकडची बंदूक पेटीत पडून राहिली तरी निभावते, हेळवाकची निभावत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज जोर धरतो, आणि लवण असेल तर त्याच्याही खाली. जुलैत आबांच्या घरात ती दिवसेंदिवस नव्वदच्या वर असते. पण तीच हवा थोडी तापवली की चित्र बदलतं. २४ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांवर नेली तर तिची सापेक्ष आर्द्रता सदुसष्टच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची धरून ठेवण्याची ताकद वाढते. चुलीची भिंत हेच करत होती.

म्हणून उपाय ऊब आणि शोषण, दोन्हींचा केला. कपाट उत्तरेच्या भिंतीपासून हलवून मधल्या, कोरड्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. तळाशी कमी वॅटची गरम कांडी बसवली, दस्त्यापासून लांब, कारण फार सुकलं की अक्रोडाचं लाकूड तडकतं. सैन्यात कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, यासाठी बल्ब जळता ठेवत. पावसात त्या भागात वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून सोबत अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशव्यांत ठेवलं. नारिंगी जातीचं, ते ओल पिऊन हिरवं होतं. हिरवं झालं की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा नारिंगी करायचं. एक छोटा आर्द्रतामापक आत टांगला. काटा ५० च्या आसपास राहिला पाहिजे, ६० ओलांडला तर पिशव्या बघायच्या, हे आबांच्या सूनबाईंनी अंगावर घेतलं, कारण घरात रोज त्या खोलीत जाणं त्यांचं होतं. बंदुकीला कुलूप आहेच. म्हणून मापक जाळीच्या दारातून बाहेरून दिसेल असा लावला.

खोळ बाहेर. कॅनव्हास असो, चामडं असो की लोकरी अस्तर, खोळ फक्त प्रवासासाठी. चामड्यात कमावण्याची लवणं असतात आणि कापड ओल धरून ठेवतं. घरी आल्याआल्या बंदूक खोळीतून निघाली पाहिजे. कपाटात ती तोंड खाली करून उभी केली, म्हणजे जादा तेल यंत्रात आणि दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

तेलाचा प्रश्न आबांनी स्वतःच काढला. घरात खोबरेल लावायची पद्धत होती, अधूनमधून करडईचं. दोन्ही बंद करायला सांगितलं. खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं, आणि थंडीत चाप जड जातो. करडईचं तेल हवेत वाळून चिकट थर होतं, त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला चांगलं, नळीत मात्र नको. डब्ल्यूडी-४० ओली बंदूक कोरडी करायला उत्तम आहे, पण त्याचा थर पातळ. चार महिन्यांच्या पावसाळ्याचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. दीर्घ साठवणीसाठी गंजरोधक बंदुकीचं तेल लोकरी मॉपनं पातळ फिरवायचं, बोटाला ओशट लागेल इतकंच. आणि बार काढायच्या आधी कोरड्या चिंदीनं नळी पुसायचीच. नळीत साचलेलं तेल किंवा विसरलेला बोळा हाही अडथळाच असतो.

दुसरा पावसाळा

२०२५ च्या दिवाळीनंतर बंदूक तपासणीसाठी परत आली. जानेवारीतल्या फोटोंशी एकेक जागा ताडून पाहिली. उजव्या नळीत बदल नाही. डाव्या नळीच्या तोंडापासून इंचभर आत एक नवा तपकिरी ठिपका होता, चिंदीला हलका रंग लागला आणि खाली धातू गुळगुळीत निघाला. नळी तोंड खाली करून उभी असते, तिथं तळाच्या लाकडाला टेकत होती आणि तेल लाकडानं पिऊन घेतलं होतं. टेकायच्या जागी नायलॉनची चकती बसवली. चेंबर, उतार, एक्स्ट्रॅक्टरमागचा कोपरा, सगळं स्वच्छ. मापक वीज गेलेल्या दिवसांत दोनदा साठच्या वर गेला होता आणि दोन्ही वेळा पिशव्या परतल्या गेल्या, अशी नोंद कपाटाच्या दारावर पेन्सिलीनं लिहिलेली होती. दसऱ्याची पूजा झाली, आणि त्याच संध्याकाळी बंदूक पुसून आत गेली.

राहिला प्रश्न बंदूक पुन्हा जमा करावी लागण्याचा. निवडणुका येत राहणार, आणि तिथं कपाट आपलं नसतं. त्यासाठी आबांना एक वेगळी पिशवी करून दिली. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळ्या आतून साफ करून नेहमीपेक्षा जाड गंजरोधक थर द्यायचा, गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात नळ्या गुंडाळायच्या आणि मग कोरडी खोळ. नळीच्या आतले तारीख असलेले फोटो आधी काढून ठेवायचे आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून मागायची. परत आली की त्याच दिवशी कागद काढायचा, पुसायचं, फोटोंशी ताडायचं. खोळ वाळवायची ती चुलीशेजारी. नव्या घराच्या मागच्या पडवीत आबांनी अंघोळीच्या पाण्यासाठी एक चूल अजून ठेवली आहे.